बाबांच्या कबरीचा दगड: ९२ हजार नेमके कशाचे?

पत्र

सलाम. आमचे बाबा गेल्या नोव्हेंबरात प्रभूकडे गेले. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, स्वभावाने अगदी साधे. कबर अजून मातीचीच आहे, उशाशी लाकडी क्रूस आहे. आता नातेवाईक म्हणतात, सहा महिने झाले, कबर अशी बेवारशासारखी काय ठेवली? धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला सगळीकडून काळ्या ग्रॅनाइटची, बाबांचा फोटो कोरलेली कबर हवी आहे. मजकूर त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलाय, त्यात नातवंडांचीही नावं आहेत. आई म्हणते, नाव आणि तारखा असल्या की पुरे. पण आपल्या वाट्याचे पैसे द्यायला ती एफडी मोडायला निघाली आहे. एका दुकानदाराने सगळं धरून ९२,००० सांगितले आणि पावसाआधी करून देतो म्हणाला. दुसऱ्याने एकूण रक्कम सांगितलीच नाही, कागदावर नुसते दर लिहून दिले. तो कागद सोबत जोडलाय. त्यात कब्रस्तानची कमिटी म्हणते, पक्की कबर करायची तर वेगळी फी भरा. दफनाच्या वेळी तर पैसे भरले होते! ९२ हजार बरोबर आहेत का? ग्रॅनाइट घ्यावा की संगमरवर? आणि घाई करावी का?
एक बहीण, जरीपटका, नागपूर

उत्तर

ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पैशाचा निम्मा गुंता त्यातच सुटतो. घाई करू नका. या पावसाआधी तर मुळीच नको.

कबर म्हणजे उकरून पुन्हा भरलेली जमीन. माती कितीही चोपली तरी आत पोकळी राहतेच. पेटी लाकडाची, ती पुढेमागे दबते आणि वरची माती तेवढी खाली बसते. त्यात आपल्याकडची काळी माती. आत्ता मे महिन्यात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर बघा, भेगांमध्ये बोटं जातात. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा दिसेनाशा होतात. अशा जागेवर सात फूट लांबीची ग्रॅनाइटची लादी सिमेंटात बसवली, तर खालची माती सरकली की लादी मधोमध तडकते, नाहीतर उशाचा दगड एका बाजूला कलतो. दुकानदार तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. जुना गवंडी तुम्हाला एकच सांगेल, ‘माती बसू द्या ना जी आधी.’ एक अख्खा पावसाळा जाऊ द्यायचा, खचलेल्या जागी भर घालायची आणि मग पक्कं काम धरायचं.

शिवाय पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काँक्रीट टाकलं तर त्यावर रोज दोन-तीनदा पाणी मारायला कब्रस्तानात जाणार कोण? कारागीर एकदा काम आटोपलं की फिरकत नाही. उन्हात सुकलेला पाया दिसायला ठीक दिसतो, हाताने खरवडला की भुसा निघतो. ‘पावसाआधी करून देतो’ ही त्या दुकानदाराची सोय आहे, तुमची नाही.

तेव्हा बेत असा धरा. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑर्डर, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात पाया आणि फिटिंग, नोव्हेंबरात वर्षदिनाला प्रार्थना. ऑर्डर त्याहून उशिरा देऊ नका. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात, त्याआधीच्या पंधरवड्यात कोरीवकाम करणाऱ्यांकडे सगळ्यांचीच गर्दी असते आणि घाईत कोरलेलं अक्षर वाकडं जातं. तोवर लाकडी क्रूसावर नाव आणि तारीख तेलरंगाने पुन्हा लिहून घ्या, भोवती विटांची एक ओळ लावा. एवढ्याने नातेवाइकांची तोंडं बंद व्हावीत. नाहीच झाली तर त्यांच्याकडे वर्गणी मागा.

आता कमिटीची फी. ती ऐकून राग येतो हे खरं, पण ती दोनदा घेतलेली फी नाही. दफनाच्या वेळी भरले ते खड्ड्याचे आणि दफनाचे पैसे. पक्कं बांधकाम केलं की ती जागा अनेक वर्षं अडकते, म्हणून बहुतेक कब्रस्तानांत कच्च्या आणि पक्क्या कबरीचे दर वेगळे असतात. पावती मात्र हक्काने मागा. दफनाच्या सेवेवर जीएसटी लागत नाही, कायद्यातच ती वगळलेली आहे. तयार दगडावर तो लागतो. त्यामुळे कमिटीच्या पावतीवर कर दिसला तर विचारा, आणि दुकानदाराच्या बिलात तो दिसला नाही तर तेही विचारा.

कमिटीकडे जालच तर फीपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, ही जागा किती वर्षांसाठी आहे? पैसे भरले म्हणजे जमीन आपली झाली असं होत नाही. मुंबईत कॅथलिकांच्या कबरी जागेअभावी काही काळाने उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. तुमच्याकडे काय रीत आहे ते दगड घेण्याआधी कळायला हवं. जागा ठरावीक मुदतीची असेल तर तिथे ९२ हजारांची इमारत बांधण्यात काही अर्थ नाही. दुसरी, पुढे आईला याच जागेत ठेवता येईल का? हा प्रश्न आईसमोर काढायला जीभ रेटणार नाही, मला कळतं. पण एका वयाच्या बायका हे आपल्याला वाटतं त्याहून सहज बोलतात. बहुधा तिने मनात ठरवूनच ठेवलेलं असेल. परवानगी असेल तर दगडावर बाबांच्या नावाखाली निम्मी जागा कोरी सोडायची. पुढे नव्या दगडाचा, नव्या पायाचा, नव्या मापाचा खर्च वाचतो, फक्त अक्षरांचे पैसे लागतात. बांधकामाची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि बाहेरचा कारागीर चालतो का, हेही त्याच कागदावर येऊ द्या. आधी दगड घेऊन मग कमिटीकडे गेलेल्यांना चार इंच जास्त झाले म्हणून कापून आणावा लागतो, आणि कापलेल्या कडेला पुन्हा पॉलिश मारायचे पैसे वेगळे.

आता तुमच्या ९२ हजारांकडे वळते. तुम्ही जोडलेला दुसऱ्या दुकानदाराचा कागद सोन्यासारखा आहे, जपून ठेवा. त्याने एकूण आकडा सांगितला नाही म्हणून तुम्हाला तो तुसडा वाटला असेल, पण हिशेब त्याच्याच कागदावरून करता येतो. त्याचे दर असे आहेत: काळा ग्रॅनाइट, १८ मिलिमीटर, चौरस फुटाला २६० रुपये. कडेचं मोल्डिंग, रनिंग फुटाला १५०. कोरीव अक्षर एकाला ४०. लेझरचा फोटो ६,५००. पाया, विटा, सिमेंट, मजुरी मिळून १४,०००. गाडी आणि हमाली ३,५००. वर १८ टक्के जीएसटी.

भावाच्या मनातली कबर या दरांनी मोजू. कबर सात बाय तीन. वरची लादी २१ चौरस फूट. चारही बाजू मिळून वीस फूट, उंची दीड फूट, म्हणजे ३०. उशाचा दगड तीन बाय दोन, पुढून आणि मागून लावायचा म्हणून १२. एकूण ६३ चौरस फूट, त्याचे १६,३८०. मोल्डिंग वरच्या लादीला वीस आणि उशाच्या दगडाला आठ, मिळून २८ फूट, ४,२००. भावाने पाठवलेला मजकूर मी मोजला, नातवंडांसकट २१० अक्षरं भरतात, ८,४००. त्यात फोटो, पाया आणि गाडी मिळवली की ५२,९८० होतात. कर धरून साधारण ६२,५००.

म्हणजे तीच कबर, तेच माप, तोच मजकूर, आणि फरक साडेएकोणतीस हजारांचा. पहिला दुकानदार लुबाडतोच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित त्याचा दगड जाड असेल, कदाचित तो महागातला ‘ब्लॅक गॅलक्सी’ ग्रॅनाइट धरत असेल. पण ‘सगळं धरून’ या दोन शब्दांत काय काय धरलंय ते त्याने लिहून दिल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं? त्याला हाच तक्ता भरून मागा. भरून देणार असेल तर बोलणी करा. ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणाला तर चहा घेऊन उठा.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून दिसते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या ग्रॅनाइटवरून घरात वाद चाललाय त्याचा खर्च ५३ हजारांत जेमतेम सोळा. बाकीचे पैसे पाया, अक्षरं, कडा, फोटो आणि वाहतूक यांत जातात. म्हणून ‘स्वस्तातला दगड बघू’ म्हणून फारसं काही वाचत नाही. वाचतं ते क्षेत्रफळ आणि अक्षरं कमी केल्याने.

आईच्या मनातली कबर मोजून बघा. वर लादी नाही. भोवती नऊ इंच उंचीचा कठडा, त्याच्या बाजूंचे १५ आणि माथ्याचे साधारण ७ चौरस फूट, उशाच्या दगडाचे तेच १२. मिळून ३४. त्याचे ८,८४०. मोल्डिंग फक्त उशाच्या दगडाला, १,२००. अक्षरं सत्तर धरली तर २,८००. पाया आणि गाडीचे पैसे मी कमी करत नाही. बेरीज ३०,३४०, करासकट ३६ हजारांच्या आत. मध्ये मोकळी माती राहते, त्यात सदाफुली लावा, आपल्या उन्हाळ्यातही ती तग धरते. माती थोडी खाली बसली तरी वरून दोन घमेली टाकली की झालं, तडकायला वर लादीच नाही. आपल्या मातीत मी तरी हीच पद्धत निवडेन, पैसे कितीही असोत.

पायाचे १४ हजार मात्र कुणी कमी करून देतो म्हणाला तरी कमी करू नका. उशाचा दगड नेमका खड्ड्याच्या भरावावर उभा केला तर तो कलणारच. पायाची पट्टी खड्ड्याच्या कडेबाहेर, न उकरलेल्या घट्ट जमिनीवर टेकली पाहिजे. त्यात लोखंड घालून काँक्रीट हवं, नुसता मुरूम टाकून वर विटा रचणं नको. दगड पायात अडकवायला सळईचा तुकडा घालतात, तो स्टेनलेस स्टीलचाच घ्या. साधी सळई गंजते, गंजली की फुगते आणि दगडाला आतून चीर पाडते. आणि उशाचा दगड नुसता १८ मिलिमीटरचा, पाठीला काही न घेता उभा करू देऊ नका. विटांची किंवा काँक्रीटची पाठ करून तिला दोन्हीकडून लावला तर चालतो. अखंड चार इंची दगड दिसतो देखणा, पण तीन बाय दोनचा तुकडा दीडशे किलोच्या आसपास जातो. उचलायला माणसं जास्त, पाया भक्कम, दर वेगळा. तो मोह भावाला झाला तर त्याचा हिशेब वेगळा मागवा.

ग्रॅनाइट की संगमरवर? ग्रॅनाइट. मकराण्याचा पांढरा दगड सुंदर आहे, ताजमहालाला तोच लागला. पण तो मऊ असतो आणि आम्लाने झिजतो. आपल्याकडे कबरी धुवायला लोक सर्रास बाथरूमचं ॲसिड नेतात, संगमरवराची चकाकी एका धुण्यात जाते आणि हळूहळू अक्षरांच्या कडा बोथट होतात. झाडाखालची कबर असेल तर पावसाळ्यानंतर हिरवी-काळी होते ती वेगळीच. ग्रॅनाइटला हे त्रास फारसे नाहीत. तो येतो आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतून, त्यामुळे दरात वाहतूक असतेच. ‘गॅलक्सी’ हा चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा. किचन ओट्याला छान दिसतो, पण ठिपक्यांवर बारीक अक्षर उठून दिसत नाही. कबरीला एकरंगी काळाच बरा.

दगड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कागदावर ‘काळा दगड’ असं मोघम लिहिलेलं असेल तर तो कडप्पाही असू शकतो. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडकाचा प्रकार, उन्हापावसात त्याचा काळेपणा उडतो आणि पापुद्रे सुटतात. कागदावर ‘ग्रॅनाइट’ हा शब्द आणि जाडी दोन्ही हवं. कडेला टेप लावून जाडी स्वतः मोजा, अठराच्या नावाखाली सोळाचा माल खपतो. आणि पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर न्या. राखाडी ग्रॅनाइटला काळा रंग पाजून तो अस्सल काळा म्हणून विकतात. मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, कापसावर रिमूव्हर घेऊन जरा जोरात घासा. कापूस काळा झाला तर तो दगड दोन उन्हाळ्यांत पांढुरका पडणार. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

पैसे अजून कमी करायचे असतील तर कठडा ग्रॅनाइटचा न करता घडीव काळ्या पाषाणाचा करता येतो. तो आपला इथलाच दगड. पाथरवटाने टाकीने घडवलेला पाषाण चकाकत नाही, पण त्याला काही होतही नाही. त्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही, म्हणून नावाची पाटी तेवढी ग्रॅनाइटची.

आता अक्षरं. इथे भावाचा आणि आईचा खरा मतभेद आहे, दगडावरून नाही. त्याच्या मजकुरात आठ नातवंडं, दोन सुना, एक जावई, बाबांचा हुद्दा आणि वचन आहे. वाईट काही नाही त्यात, पण तीन बाय दोनच्या दगडावर २१० अक्षरं बसवायची म्हणजे आकार इतका लहान होतो की चष्मा लावून वाकून वाचावं लागतं. लहान अक्षर खोल कोरता येत नाही, आणि उथळ अक्षर रंगावरच जगतं. सोनेरी रंग नागपूरच्या उन्हात चार-पाच वर्षं टिकला तरी पुष्कळ. रंग उडाल्यावरही बोट फिरवून नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून निदान दोन-तीन मिलिमीटर खोली मागा. अक्षरं कमी करून वाचलेले पैसे खोलीत घाला.

दर ठरवताना अक्षर म्हणजे काय तेही विचारून घ्या. देवनागरीत हा घोळ हमखास होतो. ‘ख्रिस्तवासी’ची कुणी चार अक्षरं धरतो, तर कुणी जोडाक्षराचे दोन-दोन मोजून सहा करतो. तारखांचे आकडे धरणार का, रेघ आणि टिंबं धरणार का? मी चाळीसच्या दराने साधी मोजणी केली आहे. जोडाक्षरं दुप्पट धरली तर भावाचा मजकूर हजार-दोन हजारांनी वर जाईल. काही कारागीर अक्षरावर न जाता पूर्ण पाटीचा ठोक दर घेतात, मजकूर मोठा असेल तर ते परवडतं.

भाऊ पुण्याला आहे म्हणून एक सुचवते. एखाद्या रविवारी त्याला खडकीच्या वॉर सिमेटरीत जाऊन यायला सांगा. दुसऱ्या महायुद्धातले, पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कायम देखभाल होण्याची खात्री नव्हती तिथले सैनिक तिथे आणून ठेवले आहेत. या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा नियम पहिल्या महायुद्धापासूनचा आहे: अधिकारी असो की शिपाई, कबरीची खूण एकसारखी. पहिल्या महायुद्धानंतर घरच्यांना स्वतःची एक ओळ कोरून घेता यायची, ती रिकाम्या जागा धरून ६६ अक्षरांची, आणि सुरुवातीला त्यासाठी अक्षरामागे साडेतीन पेन्स मागत. एवढ्या जागेत आईबापांनी आपल्या पोरांविषयी काय काय लिहून ठेवलंय! तुमच्या भावाला सत्तर अक्षरं अपुरी वाटत असतील तर वादापेक्षा ही चक्कर जास्त उपयोगी पडेल.

फोटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. लेझरने काढलेला फोटो म्हणजे पॉलिशवरचा नुसता ओरखडा असतो. नवा असताना हुबेहूब दिसतो. मग बोअरच्या पाण्याने धुऊन धुऊन त्यावर पांढरा थर बसतो, थर काढायला कुणीतरी घासतं आणि चेहरा पुसट होतो. भाऊ ऐकतच नसेल तर भट्टीत भाजलेला सिरॅमिकचा लहान फोटो वेगळा लावून घ्या, तो पुढे बदलता तरी येतो. मेणबत्त्यांचं मेण दगडावर सांडलं तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून गरम पाण्याने पुसायचं, ब्लेड लावायचं नाही.

राहिला पैशाचा वाटा. आईला एफडी मोडू देऊ नका. तिची फॅमिली पेन्शन असेलही, पण एकट्या बाईच्या हातातली रक्कम औषधपाण्यासाठी असते. तिला काहीतरी द्यायचंच असेल, आणि तिला ते द्यावंसं वाटणं साहजिक आहे, तर अक्षरांचे २,८०० तिला देऊ द्या. बाबांचं नाव तिच्या पैशाने कोरलं जाईल. बाकीचे तेहतीस हजार तुम्ही भावंडं वाटून घ्या. ‘सगळे पैसे मीच देतो’ असं भाऊ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. जो सगळे देतो तोच सगळं ठरवतो, आणि कब्रस्तानात उन्हात उभं राहून काम करून घेणार तुम्ही. कर्ज तर या कामासाठी अजिबात काढायचं नाही. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी होईल, कबर कुठे जात नाही.

भावाशी फोनवर बोलताना ‘साधी’ आणि ‘भारी’ हे शब्द टाळा. हे दोन्ही हिशेब लिहून पाठवा आणि विचारा, यातलं काय ठेवायचं? लांब राहणारा मुलगा आपण बाबांसाठी काही केलं नाही या बोचणीने दगड मोठा करत जातो, असं पुष्कळदा होतं. त्याला करायला दुसरं काम द्या. वर्षदिनाची प्रार्थना, जेवण, पाळकसाहेबांना बोलावणं हे त्याच्याकडे सोपवा. किंवा पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची, रंगाची जबाबदारी त्याने घ्यावी. आणि नातवंडांची नावं घरातल्या फोटोखाली लिहून फ्रेम करा, तिथे ती मुलांना रोज दिसतील.

ऑर्डर देताना तिसऱ्या भागापेक्षा जास्त ॲडव्हान्स देऊ नका. दुसरा हप्ता कोरलेला दगड दुकानात स्वतः बघितल्यावर, शेवटचा फिटिंग झाल्यावर. कोरण्याआधी मजकुराचा खऱ्या मापाचा कागदी प्रिंट मागा. तो घरी आणून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. नावाचं ऱ्हस्व-दीर्घ आणि जन्मतारीख बाबांच्या सर्व्हिस बुकशी किंवा बाप्तिस्म्याच्या दाखल्याशी ताडून बघा, पेन्शनच्या कागदांवर आणि चर्चच्या रजिस्टरात तारखा वेगळ्या निघणं काही नवीन नाही. कुठली तारीख खरी ते आईला विचारा, आणि प्रिंटवर तिची सही घेऊनच दुकानदाराला परत द्या. कमिटीची पावती आणि दुकानाचं बिल दोन्ही आईच्याच नावावर करून घ्या. पुढे त्या जागेबद्दल कमिटीत कधी प्रश्न निघाला तर कागद तिच्या नावाचा लागेल.